भेस्तानची गुलाबी खोली

माझ्या मुलाने नव्या फ्लॅटमध्ये नातीची खोली सजवायला घेतली, तेव्हा एक इंटिरियरवाली मुलगी घरी आली होती. मांडीवर लॅपटॉप आणि तोंडात दर दोन शब्दांनी ‘थीम’. जंगलाची थीम, परीची थीम, ग्रहताऱ्यांची थीम. नात अडीच वर्षांची. भिंत तिला फक्त नाक पुसायला लागते. त्या मुलीने मला कौतुकाने विचारलं, “आंटी, तुमच्या लहानपणी तुमची रूम कशी होती?” मी म्हटलं, “गोणीची थीम होती.” तिने मान डोलावून ते टिपून घेतलं.

मी थट्टा केली नव्हती. लिंबायतला, गुजराती मुलखात, आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांतली एक साड्यांच्या गोण्यांची होती. मार्केटातून साड्या यायच्या, माय आणि आम्ही मुली त्यांना टिकल्या चिकटवायचो, लेस लावायचो, आणि गठ्ठे बांधून परत पाठवायचो. रात्री आम्ही चौघी बहिणी त्याच गोण्यांच्या उतरंडीवर आडव्या व्हायचो. मी थोरली, मधल्या दोघी, आणि सगळ्यांत धाकटी मंगी, चार वर्षांची. सकाळी उठलं की कुणाच्या ना कुणाच्या गालावर टिकली चिकटलेली असायची. भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता. त्याची खटखट इतकी सवयीची, की सुटीच्या दिवशी संचे बंद पडले की मंगी दचकून रडायची. नाना, म्हणजे आमचे वडील, त्याच कारखान्यात संचे चालवायचे. ते घरातही ओरडून बोलायचे, कारण कान निम्मे गेले होते. जेवायला कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. नानांचा पगार झाला की शेवभाजी. या घराबद्दल मला जिव्हाळा वाटतो असं लोक धरून चालतात. मला तेव्हाही वाटत नव्हता. डिंकाचा वास अजूनही आला की मी खिडक्या उघडते.

नानांचा धाकटा भाऊ सुपडूकाका. तो हजीऱ्याच्या एका कारखान्यात क्रेन चालवायला लागला आणि तिथे गेल्यावर त्याने आपलं नाव सुरेश करून घेतलं. मायबापाने हौसेने ठेवलेलं नाव ज्याला कंपनीच्या गेटावर लाज आणतं, त्या माणसाबद्दल मी काय बोलू? भाजी आणायला जातानाही तो कंपनीचं पिवळं हेल्मेट स्कूटरला अडकवून न्यायचा. भेस्तानला त्याने वर-खाली मिळून तीन खोल्यांचं घर घेतलं. त्याची बायको विमलकाकू नंदुरबारकडची, मॅट्रिक झालेली. तिने आमच्या बोलीतलं ‘माले-तुले’ टाकून ‘मला-तुला’ धरलं होतं आणि अधूनमधून शेजारणींसारखं गुजराती पेरायची. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली होती आणि मूल नव्हतं. त्याबद्दल आमच्या गल्लीत जे बोललं जायचं, ते बोलणाऱ्या बायकांची स्वतःची पोरं नाक्यावर पत्ते कुटायची.

एका रविवारी काका-काकू पेढे घेऊन आले. पेढ्यांचा खोका मधे ठेवून काकाने मंगीला मागितलं. दत्तक हा शब्द त्याने उच्चारलाच नाही. “आमच्याकडे ठेवतो, शिकवतो,” म्हणाला. काकू मंगीकडे बघत होती, आणि मंगी पेढ्यांकडे.

मायने हातातली साडी खाली ठेवली नाही. “पोर काय भाजी शे का, वाटी भरी शेजारले देवाले?”

“वहिनी, परक्याकडे नाही देत तुम्ही,” काकू म्हणाली. “तिच्यासाठी वरची खोली करतेय मी. फक्त तिची. एकदा येऊन बघा तरी.”

नाना तेवढं मात्र ऐकू आल्यासारखं मान हलवत राहिले.

ती खोली कशी तयार झाली ते मी टप्प्याटप्प्याने पाहिलं, कारण दर आठवड्याला काकू मला आणि मंगीला बघायला बोलवायची. काकाच्या साहेबाच्या बायकोकडे ती एकदा हळदीकुंकवाला गेली होती आणि तिथे मुलांची वेगळी खोली पाहून आली होती. त्या एका भेटीवर तिचं सगळं शिक्षण झालेलं. गुलाबी रंग हवा म्हणाली, तर भिंतींना आला दातांच्या दवाखान्यात चूळ भरायला देतात त्या पाण्याचा रंग. चित्रं काढायला एक पेंटर आणला, जो एरवी ट्रकच्या मागे लिंबू-मिरची आणि कमळं काढायचा. त्याने एका भिंतीवर हंस काढला, त्याची मान हातपंपासारखी. दुसऱ्या भिंतीवर, पलंगासमोर, जोकर. “भाभी, बच्चा देखते ही हँसेगा,” असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला. जोकरला त्याने कुस्तीगिराचे खांदे दिले होते आणि दात सगळेच्या सगळे मोजून काढले होते.

पलंग मिस्त्रीकडून करून घेतला, गुलाबी सनमायकाचा, बाजूंना कठडे. फोमच्या गादीवरचं प्लॅस्टिक काकूने काढलं नाही, त्यामुळे बसलं की ती फुटाण्याच्या पुडीसारखी वाजायची. उशीवर इंग्रजीत ‘गुड नाइट’ भरलेलं. शोकेसमध्ये बाहुल्या होत्या, पण त्या आपापल्या खोक्यांत, खोक्याच्या पारदर्शक तोंडातून बाहेर बघणाऱ्या. रेल्वेस्टेशनवर गाडी चुकलेल्या बायकांसारख्या. एक टेबल, एक खुर्ची, दोन्ही इतकी बुटकी की काका त्या खुर्चीवर बसून दाखवायला गेला आणि गुडघे हनुवटीला लागले. कपडे अडकवायच्या खुंट्या माझ्या कमरेच्याही खाली ठोकलेल्या. मी घरी येऊन बहिणींना हे सगळं अभिनयासह करून दाखवायचे आणि आम्ही हसून लोळायचो. मायसुद्धा हसायची. त्या खुंट्या मंगीचा हात पोचेल अशा उंचीवर ठोकण्यासाठी काकूने तिला भिंतीशी उभं करून पेन्सिलीने खूण केली होती, हे मी नकलेत घ्यायचे नाही. त्याने नक्कल पडली असती. आमच्या अख्ख्या खानदानात चार वर्षांच्या पोरीचा हात कुठवर पोचतो याचा विचार करणारी ती पहिली आणि शेवटची बाई.

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. खोली पूर्ण झाली त्या दिवशी काकू खाली चहा करायला गेली, तेव्हा मी त्या पलंगावर पाय दुमडून आडवी झाले. चौदा वर्षांची होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगाखाली गोणी नव्हती आणि अंगाला दुसऱ्या कुणाचं अंग लागत नव्हतं. काकू वर आली. ती रागावली नाही, हसली. “उठ गं शोभा, तू केवढी मोठी. पट्ट्या मोडतील ना!” मी उठले. तिच्या मनात काही नव्हतं हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं, की हिला मुलगी पाहिजे, पण मी नको. मला कोणी मागितलंच नव्हतं.

नाना खोली बघायला आले. त्यांनी सनमायकावरून तळहात फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाले, “गुळगुळीत शे.” संध्याकाळी घरी मायला म्हणाले, “सुपडू मना भाऊ शे. पोर तठे सुखमा राही.” सनमायकाच्या एका तुकड्यावर माझ्या बापाने मुलगी दिली. माय तीन दिवस जेवली नाही, आणि चौथ्या दिवशी तिनेच मंगीचं बोचकं बांधलं. चौथी मुलगी होती. आत कुठेतरी तिचाही होकार होता. हे लिहिताना मधल्यांतली एक वाचेल आणि रागावेल याची मला कल्पना आहे. रागावू दे.

उन्हाळ्याची सुटी होती. मंगी रुळेपर्यंत महिनाभर मी तिच्यासोबत भेस्तानला राहायचं असं ठरलं. ती पलंगावर, मी खाली सतरंजीवर. माझी खात्री होती की दोन दिवसांत पोरगी आईसाठी टाहो फोडेल आणि आम्ही बोचकं उचलून घरी येऊ. तसं झालं नाही. मंगी त्या खोलीत अशी रमली, जशी काही गोण्यांवर ती चुकून जन्माला आली होती. सकाळी उठून स्वतःचा फ्रॉक स्वतः खुंटीवरून काढायची आणि त्याचा तिला इतका अभिमान, की दिवसातून पाच वेळा अडकवायची आणि पाच वेळा काढायची. काकूने बाहुल्यांचे खोके फोडले. गादीवरचं प्लॅस्टिकही तिने मंगीकडूनच टरकावून घेतलं, आणि दोघी त्या आवाजाला खिदळत बसल्या. काकू तिला पावाला लोणी-साखर लावून द्यायची, दुपारी खमण आणायची, आणि एक एक घास “चाल बेटा, आ कर” म्हणत भरवायची. मंगी लिंबायतला स्वतःच्या हाताने जेवत होती, अडीच वर्षांची असल्यापासून. मला तिची किळस आली. चार वर्षांच्या पोरीची किळस यावी, इतकी मी मोठी झाले होते.

नवव्या दिवशी मंगी काकूला मम्मी म्हणाली. कुणी शिकवलं नव्हतं. काकू ओट्यापाशी उभी होती, ती तशीच पाठमोरी राहिली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

दहाव्या दिवशी दुपारी काकू खाली पापड लाटत होती. पडदे ओढलेले, पंखा फिरत होता, आणि मंगी पलंगावर पडून आपल्या पायांशी खेळत होती. मी पलंगाच्या कठड्याला टेकून बसले आणि तिला जोकरची गोष्ट सांगितली. तो भिंतीतून उतरतो. दात मोजतो. ज्या मुली आपल्या आईला सोडून दुसऱ्या बाईला मम्मी म्हणतात, त्यांना घेऊन जातो आणि भिंतीत चिणतो. त्या हंसाच्या पोटात अशीच एक मुलगी आहे. मंगी आधी हसली. मग तिने भिंतीकडे बघितलं. मी आवाज चढवला नाही, घाई केली नाही. गोष्ट चांगली सांगता येते मला, लहानपणापासून. ती ओरडायला लागली तेव्हा मी तिचा दंड घट्ट दाबला आणि म्हटलं, “कुणाला सांगितलंस तर त्याला ऐकू जातं.”

त्यानंतर ती त्या खोलीत गेली नाही. जिना दिसला तरी मागे पळायची. काकूने जवळ घ्यायला हात पुढे केला की किंचाळायची, कारण मम्मी म्हणायचं नव्हतं आणि मम्मी तर समोर उभी. काकू कारण विचारून थकली. पोरीला भिंतीकडे बघवत नाही एवढं तिच्या लक्षात आलं, तेव्हा चुन्याची बादली घेऊन तिने स्वतः जोकर पुसला, मग हंस पुसला. पदर खोचून, स्टुलावर चढून, कोपरापर्यंत पांढरी झालेली ती बाई मला आजही दिसते. त्या वेळी मी दारात उभी राहून म्हणाले होते, “काकू, गुलाबी पण जातोय.” ती म्हणाली, “जाऊ दे.” मंगीला ताप चढला. दोन दिवस वाट पाहून काकाने आम्हाला रिक्षात घातलं.

घरी मायने तिला न्हाऊ घालायला घेतलं आणि दंडावर निळे डाग दिसले. चार बोटांचे.

“हाई कोनी करं?” माय ओरडली.

मंगीने दंड पोटाशी ओढून घेतला. तिला बोलायची बंदी होती. शेजारची सखूबाई दारातून वाकून बघत म्हणाली, “वांझ बाईना हात शे तो. तिले काय माया राही?”

बस्स. संध्याकाळपर्यंत गल्लीत त्या डागांचे चिमट्याचे चटके झाले होते, आणि आठवड्याभरात खानदेशात नानांच्या आणि मायच्या दोन्ही गावांपर्यंत विमलकाकू पोरीला खोलीत कोंडून मारायची ही बातमी पोचली. ज्यांनी ती खोली पाहिलीही नव्हती, ते तिची कडी बाहेरून कशी लागते ते सांगत होते. मला कोणी विचारलं नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. तेही खरं नाही. मायने विचारलं होतं, “तू तठेच व्हतीस ना?” मी मान खाली घातली. मान खाली घातली की लोक हवा तो अर्थ घेतात, हे मला चौदाव्या वर्षी माहीत होतं.

पंधरा दिवसांनी काकू आली. मंगीचे फ्रॉक घड्या करून पिशवीत आणले होते. माय दारात उभी राहिली आणि तिने उंबरठा ओलांडू दिला नाही. काय बोलली ते मी लिहीत नाही. माझी आई वारली आहे. गल्लीतल्या बायका हातातली कामं टाकून बाहेर आल्या होत्या. काकूने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. पिशवी दाराशी ठेवून ती परत निघाली आणि कोपऱ्यावरच्या नळाशी मी हंडा भरत होते तिथे थांबली. तोंडावर घाम, कुंकू ओघळलेलं. शुद्ध बोलणं सगळं गळून पडलं होतं.

“शोभा, तू तठेच व्हतीस. मी हात लावा व्हता का व माय तिले? तू सांग ना तुना मायले. तू एकलीच सांगू शकस.”

हंडा भरून वाहत होता. मी म्हणाले, “मी झोपले होते.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं. चार बोटांचे डाग कुणाचे, जोकर कुणाचा, सगळं तिला त्या क्षणी कळलं, हे मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. मला वाटलं आता ही ओरडेल, मायला हाक मारेल, गल्ली गोळा करेल. तिने वाकून नळ बंद केला आणि गेली. पुढे कुणाकडेही तिने माझं नाव घेतलं नाही. दोघा भावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. नाना गेले तेव्हा सुपडूकाका स्मशानात लांब उभा राहून परत गेला. त्यांनी दुसरं मूल घेतलं नाही. आमच्या लोकांत तिच्या हाती मूल देणार कोण होतं? वरची खोली त्यांनी एका कारखान्यातल्या जोडप्याला भाड्याने दिली असं ऐकलं होतं.

या वर्षांत मी काकूच्या गुलाबी रंगाची, हातपंपाच्या मानेची, फोमच्या गादीची गोष्ट कितीतरी मंडळींना सांगितली आणि दर वेळी हशा वसूल केला. शेवट सांगत नसे. विमलकाकूला तुच्छ लेखणं मला फार सोपं गेलं, कारण तिची आवड खरोखरच भिकार होती. माझी आवड चांगली आहे. माझ्या मुलाच्या घरचे पडदेही मीच निवडले.

गेल्या वर्षी सुपडूकाका वारल्याचा फोन आला. मी कोसाडला मंगीकडे गेले. ती तिथे सोसायटीत राहते, साड्यांना फॉल-बिडिंग करते. नवऱ्याचा पाय अधू आहे, दोन मुलगे हाताशी आले आहेत. ती पापडीच्या शेंगा निवडत बसली होती. मी म्हटलं, “भेस्तानला जाऊन यायचं का?”

“मी नाही येणार,” ती म्हणाली. “ज्या बाईने मला चटके दिले तिच्या दारात मी जाऊ?”

“चटके आठवतात तुला?”

“म्हणजे काय! खोलीत कोंडून घालायची. माय सांगायची ना. अजून मला बंद खोलीत झोपवत नाही, ठाऊक आहे ना तुला.”

मी तिला सांगितलं. पलंग, जोकर, हंसाच्या पोटातली मुलगी, तिचा दंड, नळ. रडले नाही, रडण्याचा हक्क मला नव्हता आणि तिच्यासमोर तो बळकावायची हिंमतही नव्हती. मंगीचे हात चालत राहिले. शेंगेचे दोन भाग करायचे, दोरा ओढायचा, आत कीड आहे का बघायचं. ताटातली पापडी संपली तेव्हा तिने विचारलं, “मी तिला खरंच मम्मी म्हटलं होतं?”

“हो.”

“माय मरेपर्यंत त्या बाईला शिव्या देत होती, शोभाताई. तू शेजारी बसून ऐकत होतीस.”

“हो.”

तिने ताट बाजूला सारलं, तोंड धुतलं आणि खुंटीवरची साडी काढून नेसायला लागली. मी माझी पर्स उचलली. ती म्हणाली, “तू नको.”

मला रिक्षात बसवून ती दुसऱ्या रिक्षाने गेली. तिथे काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलेलं नाही. तिच्या धाकट्या मुलाकडून एवढं कळतं, की त्या म्हातारीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन मंगीने करवलं, आणि दर रविवारी ती दुपारचं जेवण घेऊन भेस्तानला जाते. माझ्याशी ती सणावारी फोनवर बोलते, नीट बोलते. रविवारी केला तर उचलत नाही.